बाहीवरची दुसरी घडी

टिल्लीचा फ्रॉक हातात घेतला आणि तिच्या आईच्या मनात पाल चुकचुकली.

लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी तिची अकरा वर्षं गेली होती. कपड्यावरून हात फिरवला की तिला दुसऱ्याची इस्त्री लगेच ओळखू यायची. सकाळी तिनं स्वतः कडक इस्त्री करून लेकीला घातलेल्या या फ्रॉकच्या बाहीवर आता एकाऐवजी दोन घड्या होत्या. शिवणीत ओल होती.

दिवसभर टिल्ली शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे असायची. आई तडक तिकडे गेली.

"मावशी, आज बाहेर गेला होतात का?"

"छे गं. एवढ्या पावसात कुठे जाणार?" मावशी म्हणाल्या, पण मशीनवरची मान काही वर झाली नाही.

टिल्लीला विचारलं, तर त्या चार वर्षांच्या पोरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणाशी?"

"तेपण सांगायचं नाही."

संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो गॅरेजात मेकॅनिक. एरवी लेकीला जरा खरचटलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, आज मात्र शांतपणे म्हणाला, "उगाच काय संशय घेतेस? पोरं भिजायचीच." हे तिला आणखीच खुपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसानं जोर धरला. डोकं दुखतंय म्हणून सांगून ती लॉन्ड्रीतून निघाली. मावशींच्या खोलीत मशीन चालू होतं, टिल्ली नव्हती.

"पोर कुठंय?"

मावशींनी पायडलवरचा पाय काढला. "घाबरू नकोस. मागच्या मैदानात आहे. बापाबरोबर."

मैदानात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिचा नवरा बसगाडी झाला होता. टिल्ली पाठीवर बसून त्याचे कान स्टिअरिंगसारखे वळवत होती. प्रत्येक डबक्याशी बस थांबायची, टिल्ली उतरून पाण्यात धपकन उडी मारायची आणि दोन ओली पानं प्रवासी म्हणून घेऊन परत चढायची. दोघंही चिंब, दोघंही खिदळत होते.

बायकोला पाहून बस जागीच बंद पडली.

"गॅरेज बंद झालं," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. दुसरं काम मिळालं की सांगणार होतो."

"आणि रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होतास?"

"दुपारपर्यंत काम शोधतो. मग हिच्याकडे येतो. मावशींना मीच गप्प बसवलं. काल फ्रॉकवर इस्त्रीही त्यांनीच फिरवली."

"अजून काय लपवलंयस?"

"काही नाही."

हे 'काही नाही' जरा घाईनंच आलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात टिल्लीनं तिच्या हातात एक ओलं पान कोंबलं. "आई, तू प्रवासी. चढ."

ती चिखलातून दोन पावलं पुढे गेली आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बस निघाली. ती मागून चालत राहिली, त्याच्या मानेवरची नजर न काढता.