मिमा काउओय, वय सतरा

वादळात सेबू बेटाकडे जाणारी बोट बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या छपराचे उडालेले पत्रे मैदानातून गोळा करत होतो. तेवढ्यात तटरक्षक दलाचे सार्जंट लुमांताव फाटकातून आत आले.

"ती तारांची चित्रं काढणारी मुलगी कोण?"

मी हात वर केला. पूर्वी माझा हात कधी वर जायचा नाही. पण जिल्ह्याच्या स्पर्धेत बंद पडलेला रेडिओ नऊ मिनिटांत बोलता केला, तेव्हापासून तो आपोआपच जातो.

"चल, दाय. एक कागद वाचायचाय." आमच्याकडे कुठल्याही पोरीला दाय म्हणतात.

धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोलीत गुडघाभर चिखल होता. कॉम्प्युटर उघडला तर आतून समुद्राचं पाणी आणि एक खेकडा निघाला. तिकीट देणारे तासियोदादा, आमचे नोंग तासियो, खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. बाहेरच्या बाकावर पासिंगकाकू, म्हणजे नांग पासिंग, बसल्या होत्या. त्यांची धाकटी मुलगी लिला माझ्याच वर्गात. मिला तिच्याहून वर्षाने मोठी.

सार्जंटनी कागद पुढे केला. बोट सुटायच्या आधी छापलेली माणसांची यादी, बावीस ओळींची, आणि एकही ओळ धड नाही. दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा हवी, तिथे उद्गारचिन्हं.

"बावीसपैकी एकवीस जणांना मालवाहू जहाजाने उचललं," सार्जंट म्हणाले. "ते सेबूला पोचलेत. त्यांची नावं वायरलेसवर मिळाली. एक पोरगी राहिली. ती कोण, ते या कागदातच आहे."

"असा कागद दिलाच कसा तुम्ही, नोंग?" मी विचारलं. दोन महिन्यांपूर्वी माझी ही हिंमत नव्हती.

"रोज कोण वाचतं गं?" नोंग तासियो म्हणाले. "मी शिक्का मारतो, हेही मारतात."

सार्जंट चिखलाकडे बघायला लागले.

नांग पासिंगचं म्हणणं एवढंच होतं की त्यांच्या दोघी मुली आदल्या दिवशी पहाटे एका छत्रीतून निघाल्या. एकीने सेबूला मावशीकडे कामाला जायचं, दुसरीने उत्तरेच्या गावी आजीजवळ राहायचं. सेबूला जायचं दोघींनाही होतं, म्हणून वाटेत चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. उत्तरेचा रस्ता आता पडलेल्या माडांनी बंद होता आणि फोनचा टॉवर आडवा झाला होता.

"दोघी आल्या होत्या खिडकीशी," नोंग तासियो पुटपुटले. "तिकीट एकीनेच घेतलं. कोणी, ते देवाला ठाऊक. पाऊस होता, दोघींची तोंडंही सारखीच."

मी वहीचं कोरं पान उघडलं. डावीकडे कॉम्प्युटरचा चौकोन, उजवीकडे प्रिंटरचा, आणि मध्ये आठ आडव्या रेघा. अक्षरं नेणाऱ्या तारा आठच. पहिली तार एक नेते, दुसरी दोन, तिसरी चार, मग आठ, असं दुप्पट होत जातं. ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, सी म्हणजे तीन. ज्या तारांमध्ये वीज असेल त्यांची बेरीज करायची, की अक्षर मिळालं. हे मला इतकं आवडतं की मी वर्गात बाकावर नखानेही काढते.

"पहिलं नाव कोणाचं असतं?" मी विचारलं.

"कप्तानाचं. बेनचं."

कागदावर छापलं होतं सी, ई, ओ.

"बघा, बेनला बढती मिळाली," नोंग तासियो म्हणाले. मी खाली आकडे मांडले.

बी दोन, त्याचा झाला सी, तीन. एन चौदा, त्याचा झाला ओ, पंधरा. ई पाच, तो तसाच राहिला. मी वयांचा रकाना वरून खाली वाचत गेले. अकरा, तेहेतीस, एकोणसाठ, सतरा, पस्तीस. सगळ्या पानावर सम आकडा एकही नव्हता!

"पहिली तार तुटलीय!" मी ओरडलेच. "तुटली की प्रिंटर धरून चालतो की तिच्यात वीज आहेच. म्हणून सगळ्या सम अक्षरांत एक वाढलाय! मोकळ्या जागेचा आकडाही समच, तिचं झालं उद्गारचिन्ह!"

केबलचं टोक सुरीने उघडलं. खरंच, पहिली अक्षरतार खुर्चीच्या चाकाखाली येऊन येऊन तुटली होती. मी ती सगळ्यांना दाखवली. नांग पासिंगनाही दाखवली.

"हुशार गं, इंजिनियरबाई," सार्जंट म्हणाले. "आता चल पटापट."

ते वायरलेसवरची नावं वाचत, मी ओळ शोधून खूण करत होते. एकवीस खुणा झाल्या आणि एक ओळ उरली.

मिमा!काउओय!१७.

काउओय म्हणजे बातोय. नांग पासिंगचंच आडनाव. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कोणतं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

मी वहीत मिला लिहिलं. एल बारा, म्हणजे सम, त्याचा झाला एम. मिमा. खाली लिला लिहिलं. दोन्ही एलचे एम. मिमा. वय बघितलं. मिला सतरा, ती सतराच राहते. लिला सोळा, तीही सतरा होते.

पुन्हा केलं. आठ रेघा पुन्हा काढल्या, या वेळी पट्टी लावून.

"दाय, बोल की," सार्जंट म्हणाले.

"दोघींचं सारखंच येतं," मी म्हणाले. "फरक दाखवणारी तार हीच होती."

नांग पासिंगनी वही हातात घेतली आणि बोटाने एकेक रेघ चौकोनापासून चौकोनापर्यंत नेली. आठवी रेघ संपल्यावर वही परत दिली.

"मग लिहू नका काही, सार्जंट," त्या म्हणाल्या. "कळेपर्यंत नका लिहू."

दुपारी उत्तरेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने एक मोटरहोडी येताना दिसली. पुढच्या टोकाला कोणीतरी मुलगी बसली होती. नांग पासिंग उठल्या आणि समुद्राकडे पाठ करून तिकिटाच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी गेले. मी मात्र होडीकडेच बघत होते.

होडी वळली. मुलीने डोक्यावरचं प्लास्टिक मागे सारलं.

"लिला!" मी किंचाळले. मला इतका आनंद झाला होता! ती जिवंत होती, सोमवारी ती माझ्याच बाकावर बसणार होती. मी हात हलवत दोन पावलं धावले आणि मग शेजारचा आवाज ऐकला. नांग पासिंग भिंतीवर कपाळ टेकवून हळूहळू खाली बसत होत्या. खाली पोचेपर्यंत त्या एकच नाव घेत होत्या, आणि ते लिलाचं नव्हतं.

मी जे ओरडले, त्यात दोन्ही नावं होती. मला एकच ऐकू आलं होतं.

लिला चिखलातून धावत आली. उत्तरेला बातमी पोचलीच नव्हती.

"आई, रडतेस काय? मी आहे ना! चिठ्ठीत मिलाचं नाव निघालं. पोचली का ती मावशीकडे?"

सार्जंटनी पेनाचं टोपण काढलं आणि मला हळूच विचारलं, "दाय, पहिलं अक्षर एमच ना?"

"हो," मी म्हणाले. "एम."