अंक अकराशे बाराचा समास

रविवारी दुपारी जेवता जेवता माग चालवणारा सुबराव ‘चित्रसप्ताह’च्या अकराशे बाराव्या अंकात शिरला. थोरली बहीण शालन आमटी घेऊन आली, तेव्हा पाटावर नुसता अंक पडलेला, तोही उघडा. ती तो उचलणार, इतक्यात अंकाचे मालक पोतनीस वकील दारातून आत आले, वाचायला दिल्याची मुदत संपली म्हणाले आणि अंक बगलेत मारून गेले.

शालन मागोमाग त्यांच्या घरी गेली. भाऊ अंकात अडकलाय, असं तिनं सांगितलं. वकिलांना नवल वाटलं नाही. चित्रकथांचं हे साप्ताहिक ते पहिल्यापासून जमवत आलेले. इचलकरंजीत एवढा पूर्ण संच दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

“एक नंबरपासून सुरुवात करायची,” ते म्हणाले. “मधेच घुसणाऱ्यांना मी हात लावू देत नाही.”

यंत्रमागाच्या कांड्या भरणारी बाई. चित्रकथा तिनं जन्मात वाचली नव्हती. हात धुऊन बसली. बोटाला थुंकी लावायची नाही, पान दुमडायचं नाही, चौकटी डावीकडून वाचायच्या, हे वकील पाठीशी उभे राहून सांगत राहिले. तिनं एक अंक संपवला की फळीच्या शेवटी दोन नवे येत, आणि खोली तेवढी लांबे. तिसाव्या अंकाला दार दिसेनासं झालं.

चाळिसाव्याला तिला कळलं. दर अंकात पाच गोष्टी, पाचही तिथल्या तिथं संपणाऱ्या. कुठूनही सुरुवात केली तरी चालत होतं.

“हे तुम्हाला ठावं होतं,” ती म्हणाली.

“आम्ही एकवीस वर्षं घातली, बाई. तुम्हाला एका दुपारीत कसं मिळेल?”

ती उठली आणि फळीच्या कडेनं चालत सुटली. अकराशे बाराच्या जागी खाच होती. ते वर्ष आत्ताच बांधणीला गेलंय, वकील मागून म्हणाले. फळी संपली तिथं रसूलचाचांचं बायंडिंगचं दुकान सुरू झालं.

चाचांनी वर्षभराचा गठ्ठा कापायच्या यंत्रात सरकवला होता. तिनं मागितलेला अंक त्यांनी ओढून दिला. पानापानावर चौकटी गच्च भरलेल्या. राजे, हेर, डॉक्टर. त्यांची कुत्रीसुद्धा आत. माग चालवणाऱ्याला कुणी जागा ठेवली नव्हती. सुबराव समासाच्या कोऱ्या पट्टीत उभा होता, चौकटीच्या रेघेला पाठ चिकटवून.

“आत सर की रं.”

त्याच्या तोंडाशी फुगा उमटला. जागा न्हाई, आक्का.

तिनं बाकीचे अंक चाळले. बहुतेकांच्या समासात कुणीतरी उभं होतं. एक हमाल, एक नर्स, परकरातली एक पोरगी. मधूनच वाचायला लागलेली माणसं. वकिलांच्या फळीवरच्या बांधलेल्या एकवीस वर्षांना तिन्ही बाजूंनी समासच नव्हते.

हा एक तेवढा कापू नका, असं ती चाचांना म्हणाली.

“एकच बाहेर डोकावला तर सगळं वर्ष वाकडं दिसेल,” वकील म्हणाले. त्यांनी अंक तिच्या हातून घेऊन उघडाच पात्याखाली ठेवला. “कापा.”

चौकटीच्या आतलं ते कापत नाहीत, एवढं ती शिकली होती. चाचांच्या कानावरची पेन्सिल तिनं काढली. सुबरावच्या डोक्यावर एक रेघ ओढली, पायाखाली एक. पाठीमागची होतीच. चौथीला कागद पुरेना. तिनं डावा हात कागदाच्या कडेला उताणा टेकवला आणि रेघ तळव्यावरून ओढली.

सुबरावचा एक पाय कागदावर होता, एक तिच्या तळहातावर. चाचांनी पातं उतरवायचं चाक सोडलं. ते वकिलांनी धरलं.