मी आणि तो बिस्किटांचा डबा

“काय रे रेडिओ, तू खोटं बोलायचास, हे खरं आहे का?”

मित्रांनो, हा प्रश्न मला आमच्या घरातल्या ॲव्हरिलने विचारला, तोही कमरेवर हात ठेवून. मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. शिवांगी म्हणाली, लाकडी खोक्याशी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून दाखव, तर मानू तुला. पूर्वीची ॲव्हरिल पडद्यामागे पळाली असती. पण यंदा तिने शाळेच्या असेम्ब्लीत भाषण ठोकलं आणि तेव्हापासून ती कोणाला घाबरेनाशी झाली आहे. सगळ्या जणी हसल्या. मी गप्प बसलो, कारण माझ्या अंगात वीजच नाही. पण उत्तर माझ्याजवळ आहे, ते तुम्हाला सांगतो.

मी एक जुना, सागवानी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. मस्कतला, वादी कबीरच्या एका फ्लॅटमध्ये राहतो. खाली टायरची दुकानं, वर आम्ही. माझ्या डोक्यावर एसीचा रिमोट, गाडीच्या किल्ल्या आणि इस्त्रीला जायचे शर्ट. समोर देवाची फळी आहे. तिच्यावर मरियामाता, मेणबत्ती आणि त्यांच्या शेजारी, मानाने बसलेला, एक बिस्किटांचा डबा. पत्र्याचा! कडेने गंजलेला! झाकणावरच्या जहाजाचं अर्धं शीड उडालेलं!

शुक्रवारी रुवीच्या चर्चमधून मिसा आटोपून पाहुणे आले की ॲव्हरिलची मम्मी, लुसी, त्यांना आधी तो डबा दाखवते. “युद्धात यानेच आमच्या घराला खरं सांगितलं,” असं म्हणते. पाहुणे हात जोडतात. मग त्यांतलं कोणीतरी चहाचा कप माझ्यावर ठेवतं, खाली बशीसुद्धा न घेता.

वसईहून मस्कतला येताना डबा लुसीच्या मांडीवर बसून विमानाने आला. मी बोटीने आलो, गाद्यांच्या गठ्ठ्यात. आता सांगा, जळू नको तर काय करू?

पण माझेही दिवस होते. ॲव्हरिलचे पणजोबा इनास वसईहून सिंगापूरला गेले आणि एका रेडिओच्या दुकानात कारागीर झाले. पहिल्या पगारातून त्यांनी मला घेतलं. काय रुबाब होता माझा! शॉर्टवेव्हवर मी सात समुद्रांपलीकडचं ऐकवायचो. इनासची बायको रेजिना माझ्यावर क्रोशाचा रुमाल घालायची आणि शेजारपाजारचे लोक चपला बाहेर काढून माझ्यासमोर बसायचे.

मग युद्ध आलं. जपानी फौजांनी सिंगापूर घेतलं, शहराचं नाव बदललं, घड्याळंसुद्धा टोकियोच्या वेळेला लावायला लावली. हुकूम निघाला, की घरोघरच्या रेडिओतून शॉर्टवेव्हची कॉइल काढून टाकायची. कॉइल म्हणजे तारेचं गुंडाळं, त्याच्याशिवाय दूरचं काही ऐकू येत नाही. म्हणजे लोकांनी फक्त त्यांचंच केंद्र ऐकायचं. चोरून बाहेरचं ऐकणाऱ्याला तुरुंग, मारहाण, कधी फाशी. हे काम इनासच्याच दुकानावर लादलं. त्यांनी माझी पाठ उघडली, कात्री चालवली आणि माझी कॉइल काढून घेतली. माझ्याच माणसाने!

त्यानंतर मी तेच बोललो, जे मला बोलायला लावलं. आशिया आता मोकळा झाला, म्हणालो. शत्रूचं एक जहाज सोमवारी बुडवलं आणि तेच शनिवारी पुन्हा बुडवलं. बाजारात तांदूळ भरपूर आहे असं मी घसा ताणून सांगत होतो, तेव्हा रेजिना टॅपिओकाचे कंद उकडत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बोलता बोलता माझी खरखर वाढली.

आणि तेव्हाच तो आला. इनासने एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात एक व्हॉल्व्ह, एक बॅटरी आणि कसलीशी तार बसवली. संध्याकाळ झाली की ते मला बाहेरच्या खोलीत पूर्ण आवाजात लावत. मला वाटे, चला, पुन्हा माझी किंमत कळली! पण दोघं जाऊन बसत आत, स्वयंपाकघरात. डब्याचा हेडफोन एका वाडग्यात ठेवायचा, म्हणजे बारीक आवाज घुमून दोघांना ऐकू येतो. बाहेर गस्तीवाल्याला ऐकू जायचा तो मी. मी इकडे विजयाची गाणी गात होतो आणि ती दोघं तिकडे वाडग्यावर वाकून त्या दीडदमडीच्या डब्याचं कुजबुजणं ऐकत होती. त्याच्यावर विश्वास. माझा नुसता आवाज.

युद्ध संपलं. आम्ही वसईला आलो. डबा देवाच्या फळीवर चढला आणि बंद झाला तो झालाच. इतका पवित्र, की उघडायची कोणाची छाती झाली नाही. मी माळ्यावर गेलो.

आता या महिन्याचं सांगतो. ॲव्हरिलला वाढदिवसाला पार्टी हवी होती. तिचा डॅडी पास्कल टीव्ही-एसी दुरुस्त करतो. तो म्हणाला, रेडिओ आतून रिकामा करू, ब्लूटूथ स्पीकर बसवू, मस्त व्हिंटेज दिसेल. ॲव्हरिल आनंदाने नाचली. खरं सांगू? मलाही बरं वाटलं. आतडी जातील तर जाऊ देत, निदान त्या डब्यापेक्षा मोठ्याने बोलेन.

काल दुपारी पास्कलने मला जागेवरच पाठमोरं फिरवलं आणि पाठीची फळी काढली. ॲव्हरिल मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती. आत माझी उरलेली, जवळच्या केंद्रांची कॉइल दिसली, हिरव्या रेशमी दोऱ्यात गुंडाळलेली, वर लाल लाखेचा ठिपका. शेजारी एक रिकामी जागा आणि कापलेल्या तारांची टोकं.

“इथलं कुठे गेलं?” ॲव्हरिलने विचारलं.

पास्कल म्हणाला, जपान्यांनी काढायला लावलं ना, तेच हे. गेलं असेल भंगारात.

“मग डब्याला दूरचं कसं ऐकू यायचं?” ॲव्हरिल म्हणाली. आणि ती सरळ देवाच्या फळीपाशी गेली आणि डबा उचलला. लुसी स्वयंपाकघरातून ओरडली, हात लावू नको त्याला. पण पोरीने झाकण उघडलंच.

डब्यात व्हॉल्व्हच्या शेजारी एक कॉइल होती. हिरवा रेशमी दोरा. लाल लाखेचा ठिपका.

पास्कलने ती अलगद काढून माझ्या रिकाम्या जागेवर धरली. स्क्रूची भोकं भोकांवर बसली.

“म्हणजे आजोबांनी याचीच कॉइल लपवून आणली,” तो हळूच म्हणाला. “दूरचं ऐकायला डब्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं गं.”

लुसी ओले हात पुसायची विसरून तशीच उभी राहिली. आणि मी? ज्याचा एवढी वर्षं हेवा केला, तो माझ्याच गळ्याने बोलत होता. जळायला दुसरं कोणी उरलंच नाही. मित्रांनो, मोठ्या आवाजात सांगितलेलं सगळं खरं मानू नका. आणि जुनी वस्तू रिकामी करण्याआधी तिची पाठ एकदा उघडून बघा.

पास्कल स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन विचारत होता, मग आता स्पीकरचं काय करायचं. ॲव्हरिलने माझ्या डोक्यावरचा रिमोट, किल्ल्या आणि शर्ट उचलून सोफ्यावर टाकले. डबा आणून माझ्यावर ठेवला आणि पुन्हा कमरेवर हात ठेवला.

“डॅडी, मम्मी, ऐका. माझं ठरलंय. ब्लूटूथ नको. याच्या आतलं काही काढायचं नाही, पाठीची फळीही लावायची नाही. वाढदिवसाला शिवांगी आणि सगळ्या आल्या, की गाणी नाही लावणार. आधी हे दोघं दाखवणार.”