राखुंडीनं घासलेले दात

या मित्रांनो, बसा. भिऊ नका, मी चावत न्हाय. माजी कथा सांगते, पर आज डोस्कं फिरलंय माजं, तवा मधी बोलू नका.

मी एक जुनी वानरीन हाय. म्हंजी हुते. आता नुसता सापळा. सोलापुरातल्या एका कॉलेजात तारंनं बांधून कपाटात उबी हाय. करकंबला विजेच्या तारंला चिकटून मेले, गावानं वाजतगाजत मारुतीमागं पुरलं. पुढं रस्ता रुंद करताना हाडं निगाली, ती हितं आली. पोरं माज्या हाताशेजारी आपला हात धरत्यात. आंगठा तेवडा आखूड, बाकी बोटास बोट. आपली सोयरीक लई जुनी हाय, ती अशी कळती.

जित्तेपनी माजी मांडी मोडली हुती. जुळली, पर वाकडी. ते हाड बघून सोनाली नावाची शिकनारी पोरगी म्हनली, "ह्या पायानं ही झाडावर चढली नसंल. मग भुईवरचं खाऊन दातावर मातीचे बारीक ओरखडे पायजेत. कवळ्या पाल्याचे निगाले, तर पाला वरून कुनीतरी टाकलाय."

टाकला हुता की. माजी थोरली भन चिंचंवरनं डहाळ्या मोडून खाली सोडायची. तिच्यावर जगले मी. हे फकस्त माज्या दातास्नी ठावं.

आन आमचा शिपाई चनबसप्पा. मानूस सोन्यासारका, पर दर शनवारी मला शेंदूर लावतो, जबड्यात गूळखोबरं ठेवतो, मुंग्या झाल्या की राखुंडीनं दात घासतो. परवा सोनालीनं भिंग लावलं, तर डावीकडचे दात आरशावानी गुळगुळीत.

"मामा, काय केलं हे? सगळे ओरखडे गेले की."

"आंगूळ घातली. देव काय पारोसा ठेवायचा?"

"देव न्हाय, वानरीन हाय ती."

"मारुतीला बाई म्हनतीस व्हय गं? जीभ झडंल."

"मामा, हिला जगवलं कुनी, त्ये त्या दातात हुतं."

"मारुतीनं जगवलं. त्याला भिंग कशाला लागतंय?"

मारुतीनं न्हाय रं बाबा, माज्या भनीनं. तिची खून म्हनून जगात काय ऱ्हायलं, तर माज्या दातावरच्या बारीक रेघा. निम्म्या ह्यानं भक्तीनं घासून टाकल्या. लाथ मारली असती तर शिव्या तरी घातल्या असत्या.

मुंग्या आजवर डावीकडंच झाल्या, म्हनून उजवीकडचे दात अजून शाबूत हायत. मोठ्या यंत्राखाली ते सोमवारी बघनार. हात लावू नका म्हनून सोनालीनं बजावलंय, त्यो व्हय म्हनलाय. त्यो सगळ्यांस्नीच व्हय म्हनतो.

उद्या शनवार हाय. मित्रांनो, हात जोडा, नारळ फोडा, कपाटाबाहेर काय पायजे ते करा. पर सकाळी लवकर या, आन चनबसप्पाच्या हातातली राखुंडी काढून घ्या.