नाव न घेता

रेडिओनं बादली मोरीत रिकामी केली, गॅलरीत उपडी टाकली आणि तिच्यावर चढून उभा राहिला. तेव्हा कुठे त्याचं तोंड टॉवरच्या तोंडासमोर आलं.

"आता डोळ्यांत बघून सांग. लावतोस पैज?"

"उतर. बादली फुटेल," टॉवर म्हणाला.

"बघितलंत? एवढंच बोलणार हा!" रेडिओ गॅलरीतल्या समस्त शेजाऱ्यांकडे वळला. "पण महिना संपायच्या आत हाच माणूस माझ्या खोलीत येऊन घडाघडा बोलणार. नाही बोलला तर मी हरलो!"

दोघांच्या घरांत भिंत एकच, कारखानाही एकच आणि ही टोपणनावंही तिथलीच. रेडिओ स्टोअरमध्ये, टॉवर क्रेनवर. पाइपांचे गठ्ठे उचलून ट्रकमध्ये ठेवायचं काम. कंपनीनं हल्ली कामगारांच्या आरोग्याचं मनावर घेतलं होतं. आधी सकाळची कवायत आली, मग फळांचा रस, आणि आता 'मोकळी खोली': निळा सोफा, दोन कुंड्या, डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा. ज्याला काही सलत असेल त्यानं तिथं जावं, 'सोबत्या'पाशी बोलावं. बोललेलं बाहेर जाणार नाही. आणि हा सोबती म्हणून अख्ख्या कारखान्यातून कंपनीनं शोधून काढला तो रेडिओ! ऐकून गॅलरीतल्या बायकांनी पदराआड हसून घेतलं होतं.

"हरलेल्यानं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायचं. गेटपासून कॅन्टीनपर्यंत. भर जेवणाच्या सुट्टीत."

रेडिओची बायको दारात पीठ चाळत होती. "भाऊजी, तुम्ही तोंड उघडूच नका," ती म्हणाली. "यांनी तुम्हाला उचललेलं मला बघायचंय. कंबरेला लावायचं मलम मी आजच आणून ठेवते."

टॉवरसुद्धा हसला. बायको वारल्यापासून तो क्वचितच हसायचा.

एका दुपारी वीज गेली, क्रेन थांबली. टॉवर शिडीवरून उतरला, नळावर पाणी प्यायला आणि तसाच मोकळ्या खोलीत जाऊन सोफ्याच्या कडेला टेकला. रेडिओनं पैजेचं नावही काढलं नाही. नुसता गप्प बसून राहिला. टॉवर त्याला असं गप्प पहिल्यांदाच बघत होता. कदाचित म्हणूनच टॉवर बोलला.

"वर केबिनमध्ये मी हिच्याशी बोलतो."

"कुणाशी? वहिनींशी?"

"हं. आज भाजी खारट झाली. गॅसवाला येऊन गेला. असंच काहीबाही." टॉवरनं तळहात पँटला पुसले. "घरी जमत नाही. भिंतीपलीकडे तुम्ही असता. वर कुणी नसतं."

रेडिओनं रुमालांचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि एक कागद स्वतःच ओढून घेतला.

"या खोलीच्या बाहेर जाणार नाही रे."

"माहितेय."

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या मॅडमनी टॉवरला बोलावलं. खुर्ची दिली, रस मागवला.

"आम्हाला तुमची फार काळजी वाटते," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या उंचावर दिवसभर एकटं राहायचं! उद्यापासून तुम्ही खाली या. मोकळ्या खोलीची देखभाल बघा. उशा, कुंड्या. हलकं काम आहे, पगार तोच."

"माझ्या हातून काही चूक झाली?"

"छे हो! एक गठ्ठा कधी आपटला नाही तुम्ही. हे तुमच्या भल्यासाठीच आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाव कुणाचंच घेतलं नाही हो. मोठ्या साहेबांसमोर एक अनुभव सांगितला गेला, एवढंच. इतका सुंदर सांगितला! साहेबांनी टाळ्या वाजवल्या."

रसाचा ग्लास टेबलावर तसाच राहिला.

संध्याकाळी रेडिओ गॅलरीत कठड्याला धरून उभाच होता.

"मी नाव नाही घेतलं रे. आईशप्पथ. फक्त एवढंच म्हणालो, आमचा एक क्रेनवाला..."

"कारखान्यात क्रेन किती?"

रेडिओच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"खोलीचा उपयोग होतोय, हे साहेबांना कळावं म्हणून... मला वाटलं तुझंही..."

"टाळ्या पडल्या म्हणे."

"पडल्या," रेडिओ हळूच म्हणाला.

त्याची बायको दारापर्यंत आली, नवऱ्याकडे बघितलं आणि आतून कडी घातली. नवरा बाहेरच राहिला.

टॉवरनं आपल्या दाराचं कुलूप उघडलं. "उद्या सुट्टीत गेटवर ये."

"कशाला?"

"मी बोललो ना खोलीत? म्हणजे हरलो."

दुसऱ्या दिवशी गेटवर ही गर्दी. रेडिओ मागं मागं सरकत होता. "सोड ना यार. चुकलो मी. हवं तर कान धरतो."

"खांद्यावर बस," टॉवर म्हणाला आणि गुडघे वाकवून खाली बसला.

रेडिओ वर गेला तशा शिट्ट्या वाजल्या. "बाजूला व्हा, माल चाललाय!" कुणीतरी ओरडलं. मॅडम खिडकीतून फोनवर फोटो काढत होत्या. शेडमध्ये नवा माणूस क्रेनच्या शिडीवर चढत होता. टॉवरनं तिकडे बघितलं नाही.

"उतरव रे. लोक बघतायत."

"बोल की काहीतरी वरून. ऐकायला सगळे जमलेत."

रेडिओनं टॉवरच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरलं. बघता बघता शिट्ट्या विरळ झाल्या, मग थांबल्या. काहींनी आपापले डबे काखेत मारले आणि नजर दुसरीकडे वळवली. टॉवरची चाल बदलली नाही.

कॅन्टीनच्या पायरीपाशी तो वाकला. रेडिओला हळूहळू खाली घेतलं, त्याचे दोन्ही पाय नीट टेकले का बघितलं, चुरगळलेली कॉलर सरळ करून दिली.

रेडिओनं दोघांच्या नेहमीच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून धरली. टॉवर तिच्याजवळून पुढे गेला आणि खिडकीपाशी, ट्रकवाल्यांच्या बाकावर जाऊन त्यानं डबा उघडला.