कंपनीच्या रंगाची टाकी

सुताराने आपल्या मोटारसायकलचा पार कायापालट केला होता. लांब सीट कापून एकट्यापुरती केली (यावर बायको काय म्हणाली ते सांगायला नको), मागचा मडगार्ड उतरवला, दुसरी टाकी बसवून तिला स्वतःच्या हाताने काळा रंग दिला. उरलेला ऐवज, म्हणजे मूळची हिरवी टाकी, बाजूची पॅनेलं आणि मडगार्ड, जुन्या चादरींत गुंडाळून पलंगाखाली गेला.

"पेट्रोलचा वास येतो," बायको म्हणाली. "या खोलीत एक तर ती टाकी झोपेल, नाहीतर मी."

म्हणून त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली. कंपनीचा रंग, एकही ओरखडा नाही, सेट तोडणार नाही. फोन पुष्कळ आले. एकाला नुसता मडगार्ड हवा होता, दुसऱ्याला सगळंच हवं होतं, पण जवळजवळ फुकट.

मग एक दिवस पन्नाशी ओलांडलेल्या बाई दारात आल्या. किंचित लंगडत होत्या. त्यांनी टाकी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली.

"मुलासाठी घेताय?" सुताराने विचारलं.

"मुलाला कळू नये म्हणून घेतेय," बाई म्हणाल्या.

बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मुलगा नोकरीला परगावी, त्याची अशीच हिरवी गाडी इमारतीखाली झाकून ठेवलेली. "जन्मभर पोरांना नद्या-डोंगर दाखवले ते नकाशावर. आधी ह्यांच्या मागे बसायचे, मग मुलाच्या. आता दोघंही नाहीत, तर बसची वाट किती बघायची?" शाळेच्या खेळाच्या सरांनी त्यांना मैदानात गाडी शिकवली. सगळं सुरळीत चाललं होतं, पण वळणावर गाडी डाव्या अंगावर गेली. टाकीला पोचा, पॅनेलला तडा. आता मुलगा सुट्टीवर यायचा होता.

"रंगवून घ्या ना, स्वस्तात पडेल."

"तो गाडीवरची धूळसुद्धा ओळखतो. बाहेरचा रंग लगेच पकडेल."

सुताराला हे पटलं. तो स्वतःही त्याच जातीचा होता. भाव फार न ताणता ठरला आणि बसवून द्यायचंही त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी तो पाने-पकड घेऊन बाईंच्या इमारतीखाली गेला. पेट्रोल कॅनमध्ये काढलं, नळी सोडवली, पोचा आलेली टाकी उतरवून आपली चढवली. दोन्ही गाड्या सावलीत राहिलेल्या, त्यामुळे हिरवा हिरव्याला असा मिळाला की बाईंनी टाळीच वाजवली. वायर जोडताना मात्र त्याची नजर मीटरवर गेली.

"बाई, रंग जुळला. पण मीटरचा आकडा तर वाढला असेल ना?"

बाईंचा चेहरा उतरला. "जाताना त्याने मीटरचा फोटो काढला होता. आकडा मागे घेता येतो म्हणे?"

"येतो. पण मी घेणार नाही. उद्या गाडी विकलीत, तर घेणारा फसेल."

बाई कॅनशेजारच्या ओट्यावर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खरंय. आणि मला खोटं पचतही नाही. पोरांचं पकडायची सवय, स्वतःला जमायचं कसं?" त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला. सुतार मान खाली घालून बोल्ट आवळत राहिला.

"अरे, गाडी पाडली मी."

"कुणाची?"

"तुझी."

"लागलं का तुला?"

"गुडघ्याला. बरं आहे आता."

"पण ती अंगावर पडली कशी? झाडत होतीस का खाली?"

"चालवत होते."

पलीकडचा आवाज चढला. "आई, वेड लागलंय का तुला? लायसन्स आहे का?"

"शिकाऊ आहे."

फोन कट झाला. "चिडला," बाई म्हणाल्या. सुताराने आधीच घट्ट असलेला बोल्ट पुन्हा आवळला.

पाने पिशवीत भरेपर्यंत फोन परत वाजला. "हेल्मेट कुठलं घालतेस?"

"तुझंच."

"ते ढगळ होईल तुला. मापाचं घे. मी येईपर्यंत गाडीला हात लावू नकोस."

मुलगा आला. दोन दिवस आईशी तुटक बोलला. टाकी मात्र त्याने उलटसुलट न्याहाळली, आणि बदललेली आहे हे माहीत असूनही त्याला काही खोट सापडली नाही. तिसऱ्या दिवशी तोच तिला मैदानात घेऊन गेला. लायसन्सच्या परीक्षेत बाईंचा पाय पहिल्या खेपेला जमिनीला टेकला, दुसऱ्या खेपेला नाही.

हे सगळं सुताराला कळलं ते पुढे बाईंचा फोन आला तेव्हा.

"दादा, उजवा आरसा आहे का हो तुमच्याकडे?"

"आरसा कुठल्याही दुकानात मिळेल. पण तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी धडधाकट आहे. कुत्रं आडवं आलं." मग बाई म्हणाल्या, "तेही बरं आहे."