लेकीची खोली

चष्मेवाल्याची मुलगी नोकरीसाठी दूरदेशी जाऊन दोन वर्षं झाली होती. फोन यायचा, पण "जेवलात का, औषध घेतलंत का" यापुढे गाडी सरकत नसे. त्या दुपारी मात्र ती धापा टाकतच बोलली, "बाबा, छातीत धडधडतंय. हातपाय गार पडलेत. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, पण भीती जात नाही हो."

दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना विचारायचा तोच प्रश्न त्याच्या तोंडातून निघाला. "समोर काय दिसतंय, बाळा? घाई नको, एकेक सांग."

"भिंत."

"कसली?"

"पिवळी. कोपऱ्यात पोपडे आलेत. खाली टेबल आहे, त्याचा एक पाय आखूड, म्हणून कागदाची घडी घातलीय. खुर्चीवर तुमचा राखाडी स्वेटर आहे."

"माझा? मी इथे कपाट पालथं घातलं!"

"निघताना चोरला होता." ती हसली. धाप ओसरली होती. "बरं वाटतंय आता. ठेवू का?"

त्याच्या जिवात जीव आला. पण दोन वर्षांत आज पहिल्यांदा तो लेकीच्या खोलीत शिरला होता, आणि लगेच निघायचं त्याच्या जिवावर आलं.

"थांब गं. खिडकीबाहेर काय आहे ते राहिलंच."

"दुकानात गिऱ्हाईक नाही का?"

"आहे. बसलंय. तू सांग."